राहिलेली उत्तरपूजा

"...आणि उत्तरपूजा? ती केलीस का रे?"

वेणूअक्कांनी हे विचारलं तेव्हा विश्वंभर गावंडे टेबलाखाली होता. टेबलावर अक्कांचा कॉम्प्युटर, खाली वायरींचा गुंता, आणि त्या गुंत्यात पुण्याच्या एका बड्या कंपनीचं नेटवर्क सांभाळणारा हा गडी, कोपरापर्यंत धूळ माखून.

"कसली उत्तरपूजा?"

"खंडेनवमीला पूजा मांडली होतीस ना, तिची."

"अक्का, नेट रडतंय. सहाला वर्ग आहे. आणि तुम्हाला पूजा आठवतेय!"

अक्कांच्या मांडीवर सूप होतं, सुपात तांदूळ. अख्खे दाणे एकीकडे, कणी एकीकडे, असं त्यांचं चाललं होतं...

या अक्का म्हणजे माहुलीच्या. साताऱ्याच्या कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर संगमाजवळच्या आपल्या दगडी घरात पुन्हा तेच शिकवायला बसल्या. कॉलेजात पोरं झोपत, इथे लांबून लांबून माणसं येत. घरात एकही देव नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "जागा नाही." घर चांगलं ऐसपैस होतं. विचारणारा घराकडे पाही, अक्कांकडे पाही, आणि गप्प बसे.

येणाऱ्यांची वयं झाली, गुडघे गेले, मुलांनी त्यांना आपापल्या गावी नेलं. तेव्हा विश्वंभरनेच पुढाकार घेऊन हा कॉम्प्युटर बसवला. गुरुवारी सहा वाजता अक्का पडद्यासमोर आपल्या घोंगडीवर बसत आणि नागपूरपासून इंदूरपर्यंत माणसं ऐकत.

पण नवरात्र सरलं आणि या वर्गाला दृष्ट लागली. अक्का म्हणायच्या, "आत्मा म्हणजे..." आणि पडद्यावर थिजायच्या. इंदूरची मंडळी माना वर करून वाट बघत. आवाज परत येई तेव्हा अक्का म्हणत असत, "...इतकं हे सोपं आहे."

एका बाईंनी तर कळवलं की, अक्का, मागच्या गुरुवारचं तुमचं मौन फार भावलं.

अक्का पोट धरून हसल्या. विश्वंभरला हसू आलं नाही. हे सगळं त्याने मांडलेलं होतं, आणि आपल्या हातचं काही बिघडू शकतं ही गोष्ट त्याच्या गळी उतरत नसे.

आज तर बिघडून चालणारच नव्हतं. आज घोंगडीवर अक्का बसणार नव्हत्या. आज विश्वंभर बसणार होता.

इतकी वर्षं ऐकल्यावर अक्कांनी पहिल्यांदाच त्याला म्हटलं होतं, "पुढल्या गुरुवारी तू बोल." तेवढंच. विश्वंभर त्या दिवशी माहुलीहून पुण्याला गाडीने गेला खरा, पण चाकं जमिनीला लागत होती की नाही, शंकाच आहे.

पुण्यात पोचताच त्याने खामगावला वडिलांना फोन केला.

नाना गावंडे. कापूस बाजारात अडत, रोखठोक बोलणं. मुलगा वेदान्त शिकतो हे कळल्यापासून त्यांनी त्या विषयाला कधी हात घातला नव्हता. पूर्वी एकदा विश्वंभर सुट्टीत त्यांना माया समजावून सांगायला बसला होता. नानांनी शांतपणे ऐकलं, पान लावलं, आणि म्हणाले, "विशू, तू बोलतं चांगलं. पण तुयं बोलणं माह्यापरेंत पोचतच नाही रे."

ते त्याला लागलं होतं. अजून लागत होतं.

या वेळी नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. एक खेप आयकतो. नाही समजलं, तं मले पुन्हा म्हणू नको."

ही एक खेप आज सहा वाजता होती. म्हणून विश्वंभर रजा टाकून सकाळीच माहुलीला आला होता, आणि म्हणून तो टेबलाखाली होता.

*

"काय झालंय त्याला?" अक्कांनी विचारलं.

"तेच बघतोय."

"काय काय बघून झालं?"

विश्वंभर टेबलाखालून बाहेर आला. असा प्रश्न त्याला आवडे. उत्तर लांब असे.

"आधी मला वाटलं, नेटवाल्या कंपनीचा दोष. त्यांना फोनवर चांगलं फैलावर घेतलं. माणूस आला, बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीला आपला लॅपटॉप जोडून वेग दाखवून गेला. पेटीपर्यंत अगदी जोरात येतंय."

"मग?"

"मग महागडा प्लॅन घेतला. म्हटलं, धार मोठी करू."

"झाली?"

"पेटीपर्यंत झाली."

अक्कांनी एक खडा सुपाबाहेर टाकला.

"मग कॉम्प्युटरवर आलो. आतल्या आत काय काय डाउनलोड होत होतं, ते बंद केलं. व्हायरस तपासला. मेमरी वाढवली. सगळं पुसून नव्याने बसवलं. वाय-फाय पकडणारा तो मागचा खुंटीएवढा तुकडा बदलला, नवा घातला, त्याहून भारी घातला. ब्राउझर बदलले."

"आणि?"

"आणि... काही नाही."

"म्हणजे बाहेर भिंतीपर्यंत येतंय. इथे येत नाहीये."

"हो."

"मधे काय आहे?"

"मधे काही नाही, अक्का. वाय-फाय आहे. मधे हवाच आहे."

अक्कांनी सुपातून नजर वर केली. त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. पुन्हा तांदळात बोटं घातली.

"उत्तरपूजा राहिली ना रे?"

*

आता विश्वंभर तापला. गुरूवर तापायचं नसतं, म्हणून तो तत्त्वज्ञानात शिरला. तापलेल्या शिष्यांची ही जुनी खोड आहे.

"अक्का, एक विचारू? रागवणार नाही ना?"

"विचार."

"इतकी वर्षं तुम्हीच सांगत आलात की कर्मकांड ही बाहेरची गोष्ट. तुमच्या घरात देव नाही, घंटा नाही. आणि आज, माझ्या आयुष्यातल्या इतक्या मोठ्या दिवशी, तुम्ही एका राहिलेल्या उत्तरपूजेसाठी माझ्या मागे लागला आहात. हे काय?"

"पूजा कुणी मांडली?"

"मी."

"मी सांगितलं होतं मांडायला?"

"...नाही."

"मग उठवणार कोण?"

विश्वंभर पुन्हा टेबलाखाली गेला. तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण निदान कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

त्या पूजेची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे.

विश्वंभरला अक्कांना काहीतरी द्यायचं होतं, गुरुदक्षिणा म्हणून. त्याने पुण्याच्या तांबट आळीतून एक देव्हारा घडवून आणला. तांब्याच्या जाड पत्र्याचा. कळस, मागे भिंत, पुढे ठोक्याचं काम केलेली दोन दारं. बघत राहावं असं काम. खाली पट्टीवर कोरलेलं होतं, 'चरणी अर्पण, विश्वंभर नानासाहेब गावंडे, पुणे.' अक्षरं वेलबुट्टीपेक्षा जरा मोठीच होती. अक्कांनी चष्मा पुसून ती वाचली आणि म्हणाल्या, "नाव तर आधीच येऊन बसलंय. आता देव कुठला बसवायचा?"

खंडेनवमीचा दिवस होता. लोक आपापली हत्यारं पुजत होते. वर्गातली बरीचशी मंडळी त्या दिवशी मुद्दाम माहुलीला जमली होती. देव्हारा रिकामा, देव कुणाकडेच नाही, आणि सगळे विश्वंभरकडे बघताहेत. तेव्हा विश्वंभरला सुचलं.

दारामागे, बाहेरच्या पेटीतून वायर जिथे आत येते तिथे, खुंटीला राउटर लटकत होता. इंटरनेट घरभर पसरवणारा तो काळा डबा. विश्वंभरने तो काढला. देव्हाऱ्याच्या मागे दिव्याच्या वायरीसाठी भोक ठेवलेलं होतं, त्यातून वायर ओवली आणि राउटर आत बसवला.

"जो दिसत नाही आणि सगळीकडे असतो," तो म्हणाला, "त्यालाच बसवू या!"

काय टाळ्या पडल्या! साताऱ्याच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी तर त्याचा हात हातात घेतला. राउटरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, नैवेद्याला श्रीखंड आलं. विश्वंभरने आपल्या हाताने दोन्ही दारं लावली आणि कडी सरकवली.

दुसऱ्या दिवशी दसरा. उत्तरपूजा करून अवजारं पुन्हा कामाला घ्यायची. पण विश्वंभर पहाटेच पुण्याला निघून गेला होता, महत्त्वाची मीटिंग होती. तेव्हापासून तो देव्हारा तसाच होता. अक्का रोज संध्याकाळी बंद दारासमोर समई लावत. विश्वंभर आला की त्याला नमस्कार करी. मन लावून करी. डोळे मिटून.

राउटर बंद करून चालू करायचा तर तो ते पुण्यातूनच मोबाइलवर करत असे. त्याला हात लावायची गरजच पडत नव्हती.

*

ऊन कलायला लागलं.

विश्वंभरने एक शेवटचा उपाय करून पाहिला. मग त्यानंतरचा शेवटचा. लांब वायर आणून कॉम्प्युटर थेट जोडावा असंही एकदा मनात आलं होतं. पण अख्ख्या घराला बिनवायरीचं करून दिल्याची फुशारकी त्याने इतक्या वेळा मारली होती की आता दाराखालून वायर ओढायची म्हणजे नाक कापून घेतल्यासारखंच. आणि आता साताऱ्याला जाऊन वायर आणण्याएवढा वेळही नव्हता.

मोबाइलची रेंज तर त्या दगडी घरात येतच नसे. बोलायचं तर गच्चीवर जायचं, आणि गच्चीवरही नीट दिसेल-ऐकू येईल एवढं नेट मिळत नसे.

चाचणी म्हणून त्याने कॉम्प्युटरवरूनच नानांना व्हिडिओ फोन लावला.

नाना पडद्यावर आले. धोतर, टोपी, मागे कापसाच्या गाठी. दुकानातच बसले होते. कानाला पुतण्याने दिलेले हेडफोन. ते त्यांनी टोपीवरूनच चढवले होते. ते ध्यान पाहून विश्वंभरला एकदम भरून आलं. हा माणूस आपल्यासाठी तयार होऊन बसला आहे.

"नाना, ऐकू येतंय?"

"...काहू... रे... तू..."

"नाना?"

"...पोच... नाही..."

नाना थिजले. तोंड अर्धवट उघडं, एक हात कानाशी. मग तो चौकोनही काळा पडला.

विश्वंभर त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसला. पोचत नाही. इतक्या वर्षांनी तोच शब्द, त्याच माणसाच्या तोंडून. या वेळी नानांचा काही दोष नव्हता, मायेचा नव्हता, वेदान्ताचाही नव्हता.

तो उठला आणि बाहेरच्या खोलीत आला. अक्का आता तिथे बसल्या होत्या, सूप मांडीवर घेऊन. तो त्यांच्यासमोर फरशीवर बसला. बसला म्हणजे खाली कोसळलाच.

"नाही जमत, अक्का."

"हं."

"मला वाटलं होतं मला येतं."

"येतंच तुला."

"मग?"

अक्कांनी सुपातली कणी एका बाजूला सारली.

"तुम्हीच बसा आज घोंगडीवर. तुमचं मौन तरी लोकांना भावतं."

अक्का हसल्या. सुपातले निवडलेले अख्खे दाणे त्यांनी चिमटीने उचलले, कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून त्यांना चोळलं. अक्षता झाल्या. त्या त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"सहा वाजायला वेळ आहे अजून. तेवढी उरकून घे."

एरवी विश्वंभरने वाद घातला असता. आज त्याच्यात वाद उरला नव्हता. बरं झालं.

तो उठला. देव्हाऱ्यापुढे गेला. सवयीने डोळे मिटले... आणि अक्का मागून म्हणाल्या,

"डोळे उघडे ठेव. कडी सापडायची नाही."

त्याने डोळे उघडले. कडी सरकवली. तांब्याची ती दोन जड दारं दोन्ही हातांनी ओढली.

खिशातला फोन वाजला. टिंग.

मग टिंग टिंग.

मग टिंग टिंग टिंग टिंग, असा की थांबेचना. दिवसभर कुठेतरी अडलेले निरोप खिशात घुसायला लागले. वर्गातल्यांचे, ऑफिसचे, बायकोचे. त्याने फोन काढला. सगळ्यात वर नानांच्या पुतण्याचा होता. 'नाना म्हणतात, काही नाही पोचत, पण मी उठत नाही. बसलो आहे म्हणा.'

विश्वंभरने फोनकडे पाहिलं. देव्हाऱ्याकडे पाहिलं.

दार लावलं. फोनवरच्या रेषा एकेक करून गळाल्या.

दार उघडलं. भरल्या.

लावलं. गळाल्या.

उघडलं...

"अरे देवा," तो म्हणाला.

"तो आत आहे," अक्का म्हणाल्या.

विश्वंभरच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. मधे काही नाही, मधे हवाच आहे, असं तो दुपारभर सांगत होता. आणि मधे त्याचा स्वतःचा देव्हारा होता. जाड तांब्याचा, स्वतः पैसे मोजून, ठोकून घेतलेला. पत्रा असा की त्यातून काडीचीही लाट बाहेर पडू नये. कुणी पोराने नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं असतं की मी राउटर तांब्याच्या पेटीत ठेवतो, तर विश्वंभरने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. जो सगळीकडे असतो म्हणून ज्याला बसवलं, त्याला आपण कडी लावून बसवलं होतं. वर टाळ्याही घेतल्या होत्या.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"मला त्या डब्यातलं काय कळतंय?"

"मग सारखं उत्तरपूजा, उत्तरपूजा..."

"पूजेत बसलेल्याकडून काम करून घेत होतास," अक्का म्हणाल्या. "ते मला बघवत नव्हतं."

*

विश्वंभरने दोन्ही हात राउटरकडे नेले. तो आता त्याला उपटूनच काढणार होता.

"थांब."

तो थांबला.

"बसवताना कसं सगळं यथासांग केलंस. उठवताना ओरबाडतोस?"

घड्याळाचा काटा सहाकडे सरकत होता. नाना खामगावात टोपीवर हेडफोन चढवून बसले होते. पण विश्वंभर खाली बसला. झेंडूची माळ वाळून कडक झाली होती, ती त्याने हळूच काढली. डब्यावरच्या दिव्यांवर कुंकवाचा थर बसला होता, तो त्याने शर्टाच्या बाहीने पुसला. खालून हिरवा दिवा लुकलुकला. बिचारा एवढे दिवस कुंकवाआडून लुकलुकतच होता.

त्याने हातातल्या अक्षता वाहिल्या. मंत्र आठवेना. गणपती उठवताना भटजी म्हणतात त्यातले शेवटचे दोनच शब्द आठवले.

"पुनरागमनाय च."

"आता हलव. जागचा थोडासा."

त्याने राउटर बोटभर सरकवला.

"हलला?"

"हलला."

"झाली उत्तरपूजा."

विश्वंभर हात जोडून तसाच बसला होता. मघाची घाई कुठे गेली कोण जाणे.

"अक्का, एक कळत नाही. जा म्हणून सांगायचं आणि त्याच तोंडाने पुन्हा ये म्हणायचं. असं का?"

"जागचा हललाच नाही, तर परत येईल कसा?"

मग त्याने राउटर बाहेर काढला. घराच्या मधोमध, दोन्ही खोल्यांच्या दारात, एक साधं लाकडी स्टूल ठेवलं आणि त्यावर तो उघडाबोडका बसवला. ना माळ, ना छत्र. अक्का लांबून बघत होत्या.

"इथे बरा दिसतो," त्या म्हणाल्या.

विश्वंभर आतल्या खोलीत धावला. वेग तपासायचं पान उघडलं. काटा गर्रकन फिरला आणि शेवटाला जाऊन टेकला. त्याने पुन्हा तपासलं. पुन्हा टेकला. मग या एवढ्या मोठ्या माणसाने दोन्ही मुठी वर करून अशी आरोळी ठोकली की बाहेर नदीवरचे बगळे उडाले.

"अक्का! पळतंय! अक्का, नुसतं पळतंय!"

"तू बस आता," अक्का म्हणाल्या. "सहा वाजले."

*

तो घोंगडीवर बसला. पडद्यावर एकेक चौकोन उजळत गेला. नागपूर, इंदूर, सांगली, साताऱ्याचे न्यायाधीश, मौन भावलेल्या त्या बाई. आणि खालच्या कोपऱ्यात टोपी, टोपीवर हेडफोन.

पाय पोटाशी घेऊन अक्का भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या घरात त्या आज श्रोत्यांत होत्या.

विश्वंभरने पाठ करून आणलेलं भाषण होतं. भारदस्त होतं. सुरुवातीलाच तीन संस्कृत वचनं होती. त्याने तोंड उघडलं, कोपऱ्यातल्या त्या टोपीकडे पाहिलं, आणि ती वचनं कुठल्या कुठे गेली.

"नाना," तो म्हणाला, "मी एक भारीच गाढवपणा केलाय. तो सांगतो."

आणि त्याने सांगितला. तांबट आळीपासून सांगितला. कोरलेल्या नावाची अक्षरं किती मोठी होती तेही सांगितलं. टाळ्या सांगितल्या, कडी सांगितली, मिटलेले डोळे सांगितले. सगळीकडे असणाऱ्याला एका जागी बसवायची माणसाला किती हौस असते, आणि बसवला की आपणच दार लावतो, आणि मग तो पोचत नाही म्हणून जगाला फोन करून झापतो, हे सांगितलं. माया हा शब्द त्याने एकदाच उच्चारला, आणि तोही राउटरबद्दल बोलताना.

देव्हाऱ्याचं दार लावलं-उघडलं, रेषा गळाल्या-भरल्या, या जागी तो आला तेव्हा खामगावच्या कोपऱ्यातून एक हसू फुटलं. जाडं, खोकल्यासारखं, पोटातून आलेलं हसू. ते कुठे अडलं नाही, तुटलं नाही, थिजलं नाही. आहे तसं, सबंधच्या सबंध, माहुलीच्या त्या खोलीत येऊन पोचलं. विश्वंभरने ते ऐकलं आणि त्याला वाटलं, आज आपल्याला सगळं मिळालं.

तो शेवटाला आला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नेट गेलं की काय, या धास्तीने त्याने पडदा पाहिला. माणसांच्या पापण्या लवत होत्या. नेट होतं.

मग कोपऱ्यातून आवाज आला.

"विशू."

"हं, नाना."

"आयकलं."

"हं..."

"सगळं आयकलं. शेवटवर." नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोचलं रे, बाप्पा. मले समजलं."

विश्वंभरने बाहीने डोळे पुसले.

"पुढच्या गुरुवारी बी तूच बोलते का?" नानांनी विचारलं. "तसं असंल तं सांग. मी दुकान लवकर बंद करतो."

आता बाकीच्यांना तोंड फुटलं. न्यायाधीश गदगदून बोलले. मौन भावलेल्या बाईंना आज शब्दही भावले होते. कुणी म्हणालं, असं कधी ऐकलं नाही. कुणी म्हणालं, अक्कांची गादी चालवणारा मिळाला. इंदूरच्या मंडळींनी आपापल्या घरातून टाळ्या वाजवल्या आणि त्याही सगळ्या अगदी स्वच्छ पोचल्या.

विश्वंभर घोंगडीवर ताठ बसला होता. चेहरा उजळला होता. माणसं एकेक करून निरोप घेऊन जात होती, चौकोन विझत होते, शेवटी टोपीही गेली. पडदा रिकामा झाला.

विश्वंभर बसलाच होता.

दिवेलागण झाली. अक्कांनी समई लावली. या वेळी ती त्यांनी स्टुलापाशी ठेवली. रिकाम्या देव्हाऱ्याची दारं तशीच सताड उघडी होती.

विश्वंभर अजून घोंगडीवर होता. मोबाइलवर कौतुकाचे निरोप येत होते, टिंग, टिंग, आणि प्रत्येक टिंगसरशी त्याची पाठ आणखी थोडी ताठ होत होती. डोळे अर्धवट मिटले होते.

अक्का सूप घेऊन आल्या. त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"फार छान बोललास रे," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

विश्वंभर वर बघून हसला. पण उठला नाही...

अक्कांनी सुपातून चिमूटभर अक्षता घेतल्या आणि त्याच्या डोक्यावर टाकल्या. मग दोन बोटं त्याच्या खांद्याला लावली आणि त्याला जागचा हलवला. थोडासा.

"पुनरागमनाय च."